चार्ली टेलर यांचेही नाव घ्यावे

संपादक महोदय,

राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या विमान उड्डाणाविषयी दरवर्षी जे लेख वाचनात येतात, त्यांत ऑर्व्हिल आणि विल्बर यांच्याखेरीज तिसरे नाव क्वचितच असते. विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव फार खटकते.

हलके, तरीही किमान आठ अश्वशक्ती देणारे इंजिन एकाही कारखानदाराकडून मिळेना, तेव्हा राइट बंधूंनी ते आपल्या डेटन येथील सायकल दुकानातच घडवायचे ठरवले आणि ते काम तिथले मेकॅनिक चार्ली टेलर यांच्या हाती आले. रीतसर आराखडे नव्हतेच. चर्चेत ठरलेला भाग कागदाच्या चिटोऱ्यावर रेखाटला जाई आणि टेलर तो चिटोरा आपल्या कामाच्या बाकावर टोचून ठेवत. क्रँकशाफ्टसाठी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यासाठी, त्यांनी सुमारे १०० पौंडांची पोलादी पट्टी घेतली, तिच्यावर आकार आखला, रेषेलगत भोके पाडत नेली, नको तो भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि उरलेले पोलाद लेथवर कातले. तयार शाफ्टचे वजन भरले १९ पौंड! क्रँककेस, म्हणजे त्या दांड्याभोवतीचे कवच, अॅल्युमिनियमची ओतून घेतली होती; इंधन आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर नव्हता. सहा आठवड्यांत इंजिन उभे राहिले. फेब्रुवारी १९०३ मधील चाचणीत क्रँककेस फुटली, तेव्हा ती पुन्हा ओतून घेऊन त्यांनी इंजिन नव्याने जुळवले.

केवळ इंजिनामुळे विमान उडाले, असे मी म्हणणार नाही. त्याच काळात विमान उडवू पाहणाऱ्या सॅम्युएल लँग्ली यांच्या विमानाला तर ५२ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि तरीही ते राइट यांच्या उड्डाणाच्या अवघे नऊ दिवस आधी पोटोमॅक नदीत कोसळले. पंखांचे मोजमाप आणि हवेतले नियंत्रण ही दोघा भावांचीच कमाई होय. मात्र आठ अश्वशक्तीची अपेक्षा असताना टेलर यांच्या इंजिनाने सुमारे बारा दिली, म्हणूनच पंख व सांगाडा भक्कम करण्यासाठी विमानाचे वजन वाढवण्याची मुभा भावांना मिळाली. ते यश पाहायला टेलर उड्डाणाच्या जागी, किटी हॉकला, नव्हते. ते डेटनला दुकान सांभाळत होते. उतारवयात ते लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात धर्मादाय वॉर्डात पडून होते, हे १९५५ साली उघडकीस आल्यावर विमान उद्योगातील लोकांनी त्यांची व्यवस्था केली आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

अमेरिकेत त्यांचा जन्मदिवस, २४ मे, विमान देखभाल तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे ओझरच्या विमान कारखान्यात, नागपूरच्या मिहानमध्ये आणि मुंबईच्या हँगरांत रात्रपाळी करणारी, तसेच आयटीआयमध्ये लेथवर हात बसवणारी कितीतरी मराठी मुले आहेत. त्यांच्यासाठी तरी आपल्या पत्राने येत्या २४ मे रोजी टेलर यांच्यावर एक सविस्तर लेख छापावा आणि १७ डिसेंबरच्या लेखात राइट बंधूंच्या जोडीने त्यांचे नाव द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, नाशिक