मनोरा मोडलेला नाही

रविवारच्या पुरवणीतील लेखात फ्रेंच चित्रकार रोबेर दलोने यांच्या आयफेल मनोऱ्याच्या शिळाछाप चित्राला विस्कटलेले रेखाटन म्हटले आहे, ते पटले नाही. १८८९ मध्ये उभा राहिलेला हा सुमारे ३०० मीटर उंच मनोरा जवळून एका नजरेत मावतच नाही. मान वर करावी, बाजूला सरावे, तेव्हा तो भागाभागाने दिसतो. दलोने १९०९ पासून हेच पुन्हा पुन्हा चितारत होते : खालून, वरून, बाजूने दिसलेले तुकडे एकाच चौकटीत. आपल्या नागपुरातल्या झिरो माइलचा स्तंभ आणि चार घोडे तरी गाडीवरून जाताना अखंड कुठे दिसतात? हुबेहूबच हवे असेल, तर कॅमेरा आहेच. शिवाय पुरवणीत हे चित्र तिकिटाएवढे छापले होते. त्यावरून वाचकाने काय ठरवायचे?

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर