दिन्याला पत्र : नववी रिब

पामर, अलास्का
१२ एप्रिल

प्रिय दिन्या,

पाच महिने झाले, तुझ्या दोन मेसेजना नुसता अंगठा दाखवून गप्प बसलोय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी सुरू आहे, गुडघा थंडीत बोलतो. झालं तब्येतीचं.

गॅरेजमध्ये नव्यानं उभं करतोय त्या विमानाबद्दल लिहायचंय. खरं तर विमानातल्या एका वीतभर जागेबद्दल. इथं हे ज्याला सांगावं तो म्हणणार, "एवढंच ना?" तू तसं म्हणणार नाहीस, कारण पुष्पक विमानाच्या रडरमध्ये (शेपटाच्या सुकाणूत) राहून गेलेली कात्री तुला आठवते.

फोटो तू पाहिलेस, पण फोटोत कळत नाही म्हणून सांगतो. सुपर कब, पीए-१८, १९५६चं. नळ्यांचा सांगाडा, वर ताणलेलं कापड, अ‍ॅल्युमिनियमचे स्पार (पंखांच्या लांब तुळया), प्रत्येक पंखात १८ गॅलनची टाकी, पुढं १५० अश्वशक्तीचं लायकॉमिंग ओ-३२० इंजिन. सगळा सांगाडा वाळूनं साफ करून घेतला. शेपटाकडच्या खालच्या नळ्या बाहेरून ठणठणीत दिसत होत्या, टोच्या मारला तर दोन ठिकाणी आत गेला. या विमानांचं दुखणं तिथंच असतं. शेपटावर बसणारं विमान, आत शिरलेलं पाणी उतरून तिथंच साठतं आणि नळी आतून गंजते. तेवढे तुकडे कापून ४१३० पोलादी नळीचेच नवे घातले, आत बाही सरकवून, तिरका जोड देऊन. मग नळ्यांत जवसाचं तेल ओतलं, सांगाडा चारही बाजूंनी फिरवला, तेल निथळू दिलं, भोकं बंद केली. वरून दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. साधा प्रायमर इथं चालत नाही, कापडाचा डिंक आणि एमईके (जहाल सॉल्व्हंट) त्याला विरघळवतात आणि कापड नळीला न चिकटता सुटणाऱ्या रंगाला चिकटून बसतं.

कापडाबद्दल तुला चिडवायचंय. कॉटनच्या कापडावर डोप नावाचं रोगण लावून आपण किती मिजास मारायचो! हात मारायचा, वाळू द्यायचं, पुन्हा हात, आणि डोप आपोआप कापड ताणतो. इथलं पॉलिएस्टर डोपला भीक घालत नाही. त्याला इस्त्री लागते. कडा बसवायला २२५ अंश फॅरेनहाइट, पहिल्या ताणाला २५०, शेवटच्या ताणाला ३५०. इस्त्रीच्या चकतीवरचं 'कॉटन', 'लिनन' सोडून दे, तळाला थर्मोमीटर लावून स्वतःच्या खुणा करायच्या. ३७५च्या वर गेलास तर कापड उलट सैल पडतं आणि ते परत ताणत नाही. शिवाय एका बाजूनंच ३५० दिलं तर एलेव्हेटरसारखी (शेपटाची हलती फळी) हलकी चौकट पापडासारखी वाकते. म्हणून वरखाली आलटून पालटून, २५०ची पूर्ण फेरी झाल्याशिवाय ३५० नाही.

नंतर पॉली-ब्रश या लुकणाचा पहिला हात, मग रिबवर (पंखाच्या फासळीवर) पट्टी ठेवून टाके, मग टाक्यांवर दातेरी कडेची टेप, तपासणीच्या रिंगा, ड्रेनची भोकं, पॉली-ब्रशचा दुसरा हात आणि वर पॉली-स्प्रेचे चंदेरी थर. चंदेरी थर म्हणजे कापडाची छत्री. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची पूड ऊन अडवते, नाहीतर पॉलिएस्टर उन्हानं कुजतं. एका बाजूला दिवा धरून दुसरीकडून बघायचं, उजेड आला की अजून एक थर. टाके घालताना पंख उभा, मी एका बाजूला, वसू दुसऱ्या बाजूला, मधून फूटभर लांबीची सुई इकडून तिकडं. तिचे टाके माझ्यापेक्षा सरळ आलेत. हे तिनं तुला कळवायला सांगितलंय.

गॅरेजमध्ये हे करणं म्हणजे आगीशी लग्न. पाणी तापवायच्या बंबाची पायलट ज्योत त्याच भिंतीला होती. एमईकेची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते. पहिलं काम ती ज्योत कायमची बंद करायचं केलं, महिनाभर गार पाण्यानं आंघोळ. दुसरं, इथल्या हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की पॉलिएस्टरवर फडकं घासलं की चटचट ठिणग्या. म्हणून फवारणी करताना सांगाड्याला अर्थिंग आणि फरशी ओली. ओली फरशी म्हटलं की तुला हॉस्टेलचा तो गीझर आठवेल. देव्यानं हात लावला होता, मी नाही. हा वाद आता मिटव.

आता मूळ मुद्दा.

डावा पंख मार्चमध्ये झाकला. चंदेरी थर झाले, फक्त रंग राहिला होता. परवा टोकाच्या दिव्याची वायर सहज मीटरवर घेतली. एक टोक वायरला, दुसरं स्पारला. पंख स्टँडवर, पुढची कड खाली : काही नाही, उघडं सर्किट. वसूनं पंख फिरवला, कड वर : ०.४ ओहम. पुन्हा खाली : उघडं. पाच वेळा केलं. आत वायर कुठंतरी लोंबतेय आणि उघड्या अंगानं धातूला टेकतेय.

मग कापडाला कान लावून, बोटानं टिचक्या मारत गेलो. नवव्या रिबपाशी मीटर नाचतं. झाकण्यापूर्वी काढलेले फोटो उघडले. २१४ फोटो, त्यातला ११७वा. नववी रिब, तिचा तिरका दांडा, त्यावर वायर आणि वायरला दोरी नाही. काळी प्लास्टिकची पट्टी (झिप टाय). शेपूटसुद्धा कापलेलं नाही.

हो. तीच पट्टी. बावीस वर्षं तू सांगत आलास की विमानात वायर मेणाच्या दोरीनं बांधायची, क्लोव्ह हिच आणि वर स्क्वेअर नॉट, आणि मी म्हणत आलो की दिन्या जुन्या काळात राहतो. तुझं म्हणणं काय होतं? पट्टी घट्ट केली तर वायरीचं अंग चावते, सैल ठेवली तर सरकते, आणि गुळगुळीत रंगावर तर सरकतेच. माझं म्हणणं होतं, दोन सेकंदांत होतं. ती तात्पुरती लावली होती, दोरीनं बांधून कापून टाकायची होती. बाकीच्या रिबना दोरी आहे. नववीला मध्येच जेवायला गेलो असणार.

आता तू विचारशील, एवढं काय, एलईडीचा दिवा, ५ अँपियरचा ब्रेकर, उडेल की ब्रेकर. मीही रात्रभर हेच स्वतःला सांगत होतो. पण ब्रेकर वायर वाचवतो, चुकणारा स्पर्श ओळखत नाही. अधूनमधून टेकून सुटत राहणारा चटका ५ अँपियरच्या खालीच राहू शकतो, आणि तीच वायर आत येताना टाकीच्या खणाशेजारून जाते. दुसरा विचार असा की जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घेऊ, कापडाला हात नको. पण नवीही त्याच पट्टीतून जाणार आणि त्याच जागी घासणार. तिसरा विचार, जो मी तुला सोडून कुणाला सांगणार नाही : दिवा न लावता उडायचं. दिवसाचं उड्डाण, कोण विचारतो.

बाकी वायरिंग चांगलं झालंय रे. सगळीकडं टेफझेल आवरणाची वायर, रेडिओला २२ नंबर, दिव्यांना २०, क्रिंपिंग रॅचेटच्या पकडीनं, ओढून बघितलेलं. सोल्डर कुठंही नाही. त्या वादात मी बरोबर होतो, सोल्डर तारेत चढतो आणि जिथं संपतो तिथं थरथरीनं तार तुटते, हे आता लेखी घे. प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर, नळ्यांच्या सांगाड्यावर भरवसा नाही, प्रायमरवर अर्थिंग लागत नाही आणि नंतर रेडिओत अल्टरनेटर शिट्ट्या घालतो. मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र) पी-लीड, म्हणजे स्विचकडं जाणारी वायर, शील्डवाली, तिचं शील्ड दोन्ही टोकांना नीट बसवलेलं. ती तुटली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत, पुढच्या पंख्याला (प्रॉपेलरला) हात लावणाऱ्याचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. एवढं सगळं करून एक पट्टी.

आणि खरी अडचण वेगळीच. इथं प्रमाणपत्र असलेल्या विमानाचं एवढं मोठं काम मी माझ्या लायसनवर केलं तरी पुन्हा उडायला परवानगी देणारा आय.ए., म्हणजे तपासनीस, वेगळा. माझ्या आय.ए. म्हाताऱ्यानं झाकण्यापूर्वी डाव्या पंखात अर्धा तास डोकं घातलं होतं. त्यालाही पट्टी दिसली नाही. म्हणजे मी सांगितलं तर माझी चूक आणि त्याचीही. कात्रीच्या वेळी सरांकडं तू गेला होतास. कात्री माझी होती.

पत्र शुक्रवारी रात्री इथंच थांबलं. पुढचं रविवारी लिहितोय.

शनिवारी सकाळी म्हाताऱ्याला फोन केला. अकराला आला, काही बोलला नाही, मीटर स्वतः धरलं, पंख फिरवायला लावला. मग म्हणाला, रिंग आहे का?

कृती सांगतो, तुझ्या पोरांना वर्गात उपयोगी पडेल. झाकलेल्या पंखात कुठंही भोक पाडता येतं, घाबरायचं नाही. खालच्या बाजूला, रिबपासून जरा दूर जागा आखायची. तिथला चंदेरी थर एमईकेनं अलगद पुसत खाली पॉली-ब्रशचा गुलाबी थर दिसेपर्यंत जायचं, कारण चंदेरीवर चिकटवलेलं ठिगळ चंदेरीसकट सुटून येतं. घासायचं नाही, फडकं ओलं करून ठेवायचं आणि उचलायचं. मग प्लास्टिकची रिंग चिकटवायची, तिच्यावर कापडाचं ठिगळ, त्यावर पॉली-ब्रश. वाळू द्यायचं, उगीच बोट लावायचं नाही. मग रिंगच्या आतून ब्लेडनं गोल कापायचं. कापड ताणलेलं असतं, पहिल्या चिरेला 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही नाही.

टॉर्च आणि छोटा आरसा आत घातला. पट्टी तुटली नव्हती. दांड्यावरून दोन बोटं खाली सरकली होती, गुळगुळीत इपॉक्सीवर, तू म्हणालास तशी. वायर त्यामुळं सैल पडून पंखातल्या तिरक्या ड्रॅग वायरवर (पंख ताठ ठेवणाऱ्या तारेवर) बसत होती. पण टेफझेल नुसतं बसून इतक्या लवकर कापलं जात नाही. वायर फिरवून बघितली तर पांढऱ्या आवरणावर बोटभर लांब ओरखडा, आणि त्याच्या टोकाला तिळाएवढं तांबं, कल्हईचं चकाकणारं. म्हणजे ओढून घेताना कुठल्यातरी तारेच्या टोकाच्या आट्यांवर ती खरवडली होती, आणि पट्टी सरकल्यावर नेमका तो तीळ ड्रॅग वायरवर येऊन टेकला. दोन चुका एका जागी भेटल्या म्हणून सापडल्या.

पंखात जोड द्यायचा नाही, म्हणून सबंध वायर नवी. जुन्या वायरीच्या टोकाला बांधून ओढली, या वेळी वसू एका टोकानं हातानं सरकवतेय आणि मी दुसऱ्या टोकानं, झटका न देता. ड्रॅग वायरवर नायलॉनची चिरलेली नळी चढवली. मग दोरी. भोक साडेतीन इंचांचं, माझा पंजा मनगटाशी अडकला. एका हातानं, न बघता, क्लोव्ह हिच घालून बघ एकदा. चाळीस मिनिटं झटलो. शेवटी वसूनं हात घातला आणि तीन मिनिटांत गाठ मारून बाहेर काढला. दोरी कुठली माहीत आहे? मी इकडं निघालो तेव्हा तू विमानतळावर कोंबलेला तो रीळ. डावा पंख हाती घेईपर्यंत सील फोडलं नव्हतं.

मीटर : पंख उलटा, सुलटा, आडवा, उभा. उघडं सर्किट.

म्हाताऱ्यानं झाकण दाबून बसवलं, हात पुसले आणि विचारलं, "आणि उजवा?"

उजव्याचे फोटो आत्ता उघडून बसलोय. उजवा मी डाव्याच्या आधी केला होता. मोजल्या. अकरा पट्ट्या. दोरी एकही नाही, तेव्हा अजून तुझं ऐकायला सुरुवातच केली नव्हती. अकरा रिंगा म्हणजे पंखाची चाळण, म्हणून खालचं कापड त्या पट्ट्यांच्या रांगेत लांब कापून पुन्हा झाकायचं की तीन-चार मोक्याच्या रिंगांतून हात लांबवायचा, हे ठरवायचंय. वसूच्या हाताची लांबी मोजून झालीय. मे महिन्यात वाल्डीझच्या मेळाव्याला सगळे विमानवाले जमतात, तिथं ३१ इंची टायरांवर उतरायचं स्वप्न या वर्षीपुरतं गेलं.

पिंकीच्या बारावीचं कळव. दुकानाच्या जागेचं भाडं वाढवलं का मालकानं? वहिनींना नमस्कार, आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का तेही लिही. माझ्या पत्रात सगळं माझंच झालं, ठाऊक आहे.

तुझा,
सुऱ्या

ता. क. रीळ अर्धा उरलाय. अकरा गाठींना पुरेल, पण अजून एक पाठव.