टोकियोचं अंतर, जातानाचं आणि येतानाचं

प्रिय महेश,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत टोकियोला निघालास, फार आनंद झाला! तिकीट काढण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: जायला लागतो तेवढाच वेळ यायला लागेल, असं धरू नकोस. दिल्ली ते हानेदा (टोकियोचा शहराजवळचा विमानतळ) सरळ अंतर सुमारे ५,८६० किलोमीटर. जाताना साडेसात तासांच्या आसपास लागतात, हिवाळ्यात येताना मात्र साडेनऊ ते दहा.

हा सगळा वाऱ्याचा खेळ. जपानवर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. हिवाळ्यात तो ताशी २०० किलोमीटर सहज ओलांडतो, कधी ३०० च्याही वर जातो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० च्या घरात. जाताना वारा त्यात मिळतो, येताना तेवढाच वजा होतो. उन्हाळ्यात प्रवाह मंदावून उत्तरेला सरकतो, तेव्हा ही तफावत बरीच कमी होते.

शिवाय ते ५,८६० कागदावरचंच. ती वाट तिबेटवरून जाते आणि प्रवासी विमानं ते पठार टाळतात. केबिनमधला दाब गेला तर झटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा मिनिटंच पुरतो. पठारच जवळपास पंधरा हजार फूट उंच, मग उतरायचं कुठे? म्हणून आधी बंगालच्या दिशेने, पुढे म्यानमार आणि चीनमधल्या कुनमिंगवरून वळसा पडतो. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. दिल्लीहून रात्री आठला निघालास तर तिथे साडेअकरा झालेले; साडेसात तास मिळव, सकाळी सातला पोचशील. येताना तिथून सकाळी अकराला निघालास तर आपल्याकडे साडेसात. साडेनऊ तास मिळव, संध्याकाळचे पाच.

भाड्यात थोडाच फरक असेल तर टोकियोच्या दुसऱ्या विमानतळाऐवजी, म्हणजे नारिताऐवजी, हानेदा घे. नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब, जलद गाडीनेही तास धर. हानेदाहून टोकियोतलं शिनागावा स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर.

परतीला खरी काळजी दिल्लीहून पुढच्या पुण्याच्या विमानाची. सामान दिल्लीतच ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यायचं आणि पुन्हा द्यायचं, असं धरूनच चाल. पुण्याचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर टर्मिनल ३ वरून तिथे जायला बस किंवा गाडी घ्यावी लागेल. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढ, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगळी तिकिटं असतील तर मधे चार तास तरी ठेव. जानेवारीत दिल्लीला रात्री उशिरा आणि पहाटे धुकं दाटतं, म्हणून पुण्याचं विमान शक्यतो रात्री दहाच्या आतलं बघ. तेवढा वेळ जुळत नसेल तर रात्री दिल्लीत राहून दुसऱ्या दिवशी दुपारचं घे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत