जोडीने दारी जाणाऱ्या बंधू-भगिनींना

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या वसईतील सर्व बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

२७ सप्टेंबरला संत व्हिन्सेंट यांचा सण येतो, त्या दिवशी मिस्सात तुमचे आभार मानले जातात. पण गरजूंना मदत करण्याचे तुमचे खरे काम लोकांच्या घरात, चार भिंतींच्या आत चालते. त्याचे आभार मानायचे तर ते कसे चालते हेच सांगायला हवे.

२३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये सोसायटीची पहिली कॉन्फरन्स, म्हणजे सदस्यांचा स्थानिक गट, भरली, तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी एक, विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम, नेमका वीस वर्षांचा झाला होता. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, असे त्याला आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांना विचारले गेले होते. गरिबांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनी सिस्टर रोझाली रेंडू यांनी त्यांना पॅरिसच्या मूफतार या गरीब भागातल्या घरांची वाट दाखवली. घरी जाऊन भेटायचे, ही रीत तिथली आणि तुम्ही ती सोडलेली नाही. तिच्याबद्दल सर्वात आधी धन्यवाद.

भेटीला तुम्ही दोघे जाता, एकटा कुणी जात नाही. एक जण बोलतो, तेव्हा दुसऱ्याला चुलीकडे, औषधांच्या पाकिटांकडे, गळक्या कौलांकडे पाहता येते. घरात एकटी बाई असेल तर शेजारपाजारच्या जिभांना खाद्य मिळत नाही. आणि बैठकीत अहवाल देताना एकाच्याच आठवणीवर विसंबावे लागत नाही. मदत किती, कशी आणि कुठवर, हे मग सगळी कॉन्फरन्स ठरवते. त्यामुळे कुणा एकाची मर्जी चालत नाही आणि त्या कुटुंबालाही कुणा एकाचे मिंधे व्हावे लागत नाही. नाव बैठकीबाहेर जात नाही, ही तर आमच्या मते सर्वात मोठी मदत.

धान्याचे तुमचे गणित इतरांनी शिकण्यासारखे आहे. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. अशा घरी आणखी १० किलो तांदूळ नेऊन टाकला तर तो विकला तरी जातो किंवा त्याला सोंडे तरी लागतात. तिथे कमी असते ती डाळ, तेल, साखर आणि सिलिंडरचे पैसे. म्हणून तुम्ही आधी रेशनकार्ड पाहता, मग यादी करता. पावसाळ्यात पिठाला जाळी धरते, म्हणून पीठ थोडे थोडे देता. एकट्या म्हातारीला पाच लिटरचा डबा उचलवत नाही, आणि उघडा राहिला तर तेल खवट होते. तिला अर्ध्या लिटरच्या पिशव्याच बऱ्या.

शाळेच्या फीचा चेक तुम्ही थेट शाळेच्या नावाने देता आणि पावती घेता. हा अविश्वास नव्हे. हातात रोख आली की घरात त्या क्षणी जे जास्त टोचते तिकडे ती जाते, मग ते थकलेले भाडे असो की सावकार. जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा एप्रिलमध्येच मुलांची यादी तयार हवी, हे तुम्ही जाणता.

याहून अवघड काम कागदांचे. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबते, आणि का थांबले ते म्हाताऱ्या माणसाला कळत नाही. कधी कधी पैसे आलेले असतात, पण भलत्याच खात्यात, कारण आधारशी शेवटी जोडलेले खाते कुठले हे कुणाच्या ध्यानात नसते. आयुष्यभर वाडीत राबलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, तेव्हा डोळ्यांवरून ओळख पटवून घ्यायला तुम्ही सोबत थांबता. रुग्णालयातही तसेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होतानाच आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे, करायची असते, डिस्चार्जच्या दिवशी आठवून उपयोग नसतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हे तर निम्म्या गावाला ठाऊक नाही. ते सांगणारा माणूस वेळेवर दारात आला, तर एक घर कर्जातून वाचते.

बैठकीच्या शेवटी तुमची बंद थैली फिरते. प्रत्येक जण मूठ आत घालतो, कुणी किती टाकले ते दिसत नाही. ज्याच्या खिशात त्या आठवड्यात काहीच नसते त्याचीही मूठ आत जाते आणि त्याची मान ताठ राहते. मदत घेणाऱ्याच्या अब्रूची काळजी घेणारी संस्था देणाऱ्याचीही अब्रू अशी राखते, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, आदिवासी पाड्यावरचे, कुणाच्याही दाराशी तुम्ही जात विचारत नाही, त्याबद्दलही मनापासून आभार.

धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) सर्वांना विनंती: कपडे द्यायचे तर धुऊन, बटणे आणि चेन तपासून द्या. वापरलेली औषधे देऊ नका. धान्य आणण्याआधी कॉन्फरन्सला काय कमी आहे ते विचारा, बहुतेक वेळा उत्तर डाळ आणि तेल असेच येईल. अडचणीतले घर माहीत असेल तर ते चारचौघांत बोलू नका, कॉन्फरन्समधल्या एखाद्या ब्रदर-सिस्टरच्या कानावर घाला.

आपले कृतज्ञ,
धर्मग्रामातील आम्ही सर्व