उमरा (मक्केची छोटी यात्रा) गटासाठी सूचना: मदिनेतील जियारत (पवित्र स्थळांची भेट)

सर्व भावा-बहिणींना अस्सलामु अलैकुम. येत्या रविवारी असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर चौक मंडईत जमायचं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत आणा.

मदिनेत रियाजुल जन्नतमध्ये (मस्जिदे नबवीतली पैगंबरांच्या रौज्याजवळची जागा) नमाजसाठी सौदी सरकारच्या नुसुक ॲपवर वेळ घ्यावी लागते. ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांचं काम तरुणांनी इथूनच अंगावर घ्यावं, तिथे गेल्यावर धावपळ नको.

मदिनेतल्या मस्जिदे कुबाला जाताना खोलीवरूनच वुजू (नमाजआधी हात-पाय-तोंड धुणं) करून निघा. घरून पाक होऊन तिथे नमाज पढणाऱ्याला उमऱ्याचा सवाब (पुण्य) मिळतो, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. बस आली म्हणून घाईत ते राहून जातं, आणि नंतर फार चुटपुट लागते. उहुद डोंगराच्या पायथ्याशी पैगंबरांचे चुलते हजरत हमजा (रजि.) आणि 625 साली उहुदच्या लढाईत शहीद झालेले सहाबा (पैगंबरांचे साथी) विसावले आहेत. तिथे शांतपणे सलाम करा, फोटोसाठी गर्दी करू नका. माती-खडे उचलून आणू नका.

मक्केतल्या गारे हिराची (पैगंबरांना पहिली वही आली ती डोंगरावरची गुहा) चढण खडी आहे. ती चढणं उमऱ्याचा भाग नाही. गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच पाहावं.

चपलांसाठी कापडी पिशवी प्रत्येकाने घ्यावी. गेल्या वेळी माझ्या अम्मीच्या चपला हरवल्या, तापलेल्या फरशीवर तिचे तळवे लाल झाले होते.