मॅग ड्रॉप जास्त आला तर

डेटन, ओहायो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बारामतीला तुझं सेसना १७२ विमानावरचं प्रशिक्षण सुरू होतंय आणि तुझ्या आईला बिघाडाची धास्ती. तिला सांग, इंजिनाचं बरंचसं दुखणं रन-अपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, जमिनीवरच कळतं.

चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग; एक डाव्या मॅग्नेटोवर (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र), एक उजव्या. साधारण १७०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) किल्ली आधी ‘आर’वर (फक्त उजवा), मग ‘बोथ’ (दोन्ही), मग ‘एल’वर (फक्त डावा). एकाच प्लगवर इंधन सावकाश जळतं, म्हणून आरपीएम थोडे पडणारच; हाच मॅग ड्रॉप. जुन्या १७२ ला १२५ पर्यंत चालतात, दोन्हींतला फरक ५० पर्यंत. तुमच्या विमानाच्या हँडबुकातला आकडा पाठ कर.

ड्रॉप जास्त आणि इंजिन थरथरतंय, तर बहुधा प्लगवर शिसं किंवा तेल बसलंय. १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. रिच मिक्श्चरवर (हवेत इंधन जास्त) रेंगाळत टॅक्सी केली, म्हणजे जमिनीवर विमान चालवलं, की प्लग थंड राहतात आणि ते साचतं. किल्ली ‘बोथ’वर, साधारण २००० आरपीएम, मिक्श्चर लीन (इंधन कमी) करून मिनिटभर चालव, मग रिच करून पुन्हा तपास. एवढ्याने नाही सुटलं तर टॉवरला सांगून ॲप्रनवर, विमानं उभी करायच्या जागी, परत. मागे विमानांची रांग लागली की ‘अजून एकदा बघू’ म्हणावंसं वाटतं, तिथेच थांबायचं. थरथर नाही पण ड्रॉप मोठा, तर टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेचा, संशय. ते लीन करून सुटत नाही.

ड्रॉप शून्य आला तर मात्र खूश होऊ नकोस. त्या मॅग्नेटोला बंद करणारी ग्राउंडची वायर तुटलेली असू शकते. मग किल्ली ऑफ असली तरी मॅग्नेटो जिवंत, आणि हाताने पंखा फिरवणाऱ्यावर इंजिन सुरू होऊ शकतं. विमान उभं करून इंजिनिअर येईपर्यंत पंख्याजवळ कुणाला फिरकू देऊ नकोस.

तपासताना किल्ली चुकून ऑफवर गेली तर झटकन परत फिरवायची नाही. न जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये भडकून तो फुटतो. मिक्श्चरचा दांडा ओढून इंधन तोड, इंजिन थांबू दे.

स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहिताना ‘इंजिन रफ’ एवढंच लिहू नकोस. कुठला मॅग्नेटो, किती आरपीएमला किती ड्रॉप, थरथर होती का, लीन केल्यावर फरक पडला का, हे लिही. इंजिनिअरचा अर्धा दिवस वाचतो.

तुझा,
काका