माशाचा भाव पाटीवर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीच्या पुरवणीत आपण रत्नागिरीत कुठे जेवावं याची यादी छापलीत. यादी वाईट नाही. पण त्यातली बहुतेक हॉटेलं हायवेच्या नाहीतर किनाऱ्याच्या कडेची, गाड्या लावायला जागा असलेली आणि मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठीच थाटलेली. आम्ही काही मित्रमैत्रिणी, कुणी बँकेतले, कुणी शाळेतले, एकजण मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा, पगार झाला की गावातच आधी कधी न गेलेल्या जागी जेवायला जातो. खानावळ असो, परमिट रूम असो, कुणाच्या पडवीतलं घरगुती जेवण असो. त्यावरून जे दिसलं ते लिहिते. ठिकाणांची नावं मात्र मुद्दाम देत नाही. चार बाकांच्या खानावळीचं नाव छापून आलं तर पुढच्या रविवारी दारात रांग लागेल, आणि एकट्या मावशींनी किती ताटं वाढायची?

पहिली गोष्ट पाट्यांची. सिंधुदुर्ग जिल्हा आपल्यापासून वेगळा झाला १९८१ साली, पण आमच्याकडची पाटी अजून ‘अस्सल मालवणी’च. मालवणी जेवणाबद्दल तक्रार नाही, आवडीने खाते. पण त्या एका पाटीखाली सगळीकडे तेच लाल वाटण, तीच सुरमई, पापलेट आणि कोलंबी. राजिवड्यात एका घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मटणाच्या रश्शाबरोबर सांदणं मिळतात, पांढरीशुभ्र, वाफेवरची, बोटाने दाबली तर परत फुगणारी. आमच्या घरात सांदणं म्हणजे फणसाच्या रसातली, गोड. त्यामुळे आमच्यातल्या एकीने आधी दुधाची वाटी मागितली आणि घरच्या चाची पोट धरून हसल्या. एका गावात राहून हे ठाऊक नव्हतं. कुठल्या मेनूकार्डावर असतं तर ठाऊक झालं असतं.

तीच गत लहान मासळीची. बंदराजवळच्या एका खानावळीत आम्ही मुडदुशे खाल्ले. मावशी बिडाच्या तव्यावर तेल बेताचंच सोडतात, मासा तांदळाच्या पिठात नुसता लोळवतात आणि कालथा न लावता शेपटीला धरून उलटतात, कारण कालथा लागला की मांस काट्यावरून सुटतं. बरोबर तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात. ‘सुरमई नाही का?’ असं कुणीतरी विचारलं. ‘आज नाय आली,’ एवढंच उत्तर. मोठ्या हॉटेलात हे वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही. तिथे सुरमई रोज येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हाही येते आणि ‘फ्रेश’ म्हणूनच येते. बर्फवाल्या मित्राला ती ताटात पाहून हसू आवरत नाही. बर्फातला मासा खाऊ नये असं माझं म्हणणं नाही, पण तो बर्फातला आहे हे सांगा. त्याच दोन महिन्यांत छोट्या खानावळीत सुक्या जवळ्याची चटणी, खाडीच्या कुर्ल्या, टाकळ्याची भाजी असं खरं पावसाळी जेवण असतं, आणि ते स्वस्तही पडतं.

परमिट रूमबद्दल बाईमाणसाने पेपरात लिहावं का, असं घरी विचारलं गेलं. लिहावं. गावातला उत्तम तळलेला मासा बऱ्याचदा तिथेच मिळतो, कारण चाखणा बिघडला तर रोजचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या बारमध्ये जाऊन बसतं. पण आम्ही बायका सोबत असलो की वेटर आधी मालकाकडे बघतो आणि मग आम्हाला पडद्यामागच्या ‘फॅमिली’त नेऊन बसवतो. तिथला पंखा हमखास बंद. आमच्यातल्या दोघी सोडाच पितात, तो भाग वेगळा. कायदा बीअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण झाली आहेत का एवढं बघतो, बाई की बुवा हे विचारत नाही. एका बारमालकांनी मात्र आम्हाला सरळ खिडकीजवळचं टेबल दिलं. बाकीची गिऱ्हाइकं थोडा वेळ बघत राहिली आणि मग आपापल्या ग्लासात परतली.

आता मूळ तक्रार. किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात मेनूकार्डावर पापलेटसमोर आकडाच नव्हता, ‘साइजप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं. मासा आधी दाखवला नाही, वजन सांगितलं नाही. बिल आलं तेव्हा एका पापलेटचे पैसे आमच्या बाकी सगळ्या जेवणाहून जास्त. विचारलं तर मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, बंदरावरच महाग आहे.’ असेल. पण त्या दिवशी बंदरावर काय भाव होता हे आमच्या टेबलावर फक्त बर्फवाल्याला माहीत होतं, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून मॅनेजर काउंटरवर निघून गेले. पर्यटकासोबत असा माणूस नसतो. तो पैसे देतो आणि घरी जाऊन रत्नागिरीकरांच्या नावाने बोटं मोडतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. दारात एक फळा आणि खडू. आज काय आलं, नग केवढ्याला, वजनावर असेल तर किलोचा भाव काय, आणि मासा बर्फातला असेल तर तसं. वर सांगितलेल्या मुडदुश्यांच्या खानावळीत हे आजही होतं, शाळेच्या जुन्या पाटीवर. हॉटेल व्यावसायिकांनी आपणहून केलं तर उत्तम.

आणि एक विनंती आपल्याला. आपण सोन्याचा भाव रोज पहिल्या पानावर देता, आंब्याच्या दिवसांत पेटीचाही देता. त्याच्याच खाली मिरकरवाड्याच्या लिलावातला बांगडा, सुरमई, पापलेट, कोलंबीचा भाव चार ओळींत द्यावा. जागा फार लागणार नाही, आणि ‘साइजप्रमाणे’ वाचून गिऱ्हाइकाला निदान दोन प्रश्न तरी विचारता येतील.

आपली,
एक नियमित वाचक, रत्नागिरी